डाव्या कोपऱ्यातले ठोकळे

"केक घ्या ना!" म्हणत ती जिना उतरत होती, आणि जिन्याच्या मधोमध तो बसला होता — भिंतीला डोकं टेकून, ओली छत्री पायाशी, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवून. तिच्या एका हातात केकचं खोकं, दुसऱ्यात कागदी बशा आणि नजर भलतीकडेच. व्हायचं तेच झालं. पाय छत्रीत अडकला, बशा उडाल्या, खोकं त्यानं वरच्या वर झेललं आणि तिला कठड्यानं.

"लागलं का हो?" तो धडपडत उठला.

"मला नाही. पण तुमच्या छत्रीची काडी मोडली बहुतेक."

"मोडू दे. आज मोडायचाच दिवस आहे माझा."

तेव्हा तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भुवया आगीजवळ काम करणाऱ्याच्या असतात तशा विरळ, आणि डोळे... आत्ताच कुणीतरी वाईट बातमी दिल्यासारखे. पण ती आनंदात होती. आनंदातल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख दिसतं, पण खरं वाटत नाही.

"मग तर केक घ्यायलाच हवा," ती म्हणाली.

"कशाचा आहे?"

"चॉकलेटचा."

"तसं नाही हो. आनंद कशाचा आहे?"

"माझे ठोकळे फुटले!"

त्याला हसू आलं. या वाक्याला कुणी अभिनंदन म्हणेल अशी इमारत जगात एखादीच. "कितीला फुटले?"

तिनं आकडा सांगितला. त्यानं हलकेच शीळ घातली. "राखेचे? अठ्ठावीस दिवसांत? बाप रे... एवढा आकडा मला मिळाला असता तर मी बँड लावला असता."

"आणि तुमचे?"

"माझेही फुटले. आज सकाळीच." त्यानं केकचा मोठा तुकडा उचलला. "बिस्किटासारखे. वर्षभर पाण्यात होते, आणि बिस्किटासारखे."

ती पायऱ्यांवर पडलेल्या बशा गोळा करायला लागली. तोच म्हणाला, "पण तुमचं अभिनंदन. अगदी मनापासून." आणि ते खरंच मनापासून होतं. पुढं कितीतरी दिवस तिला नेमकं तेच आठवणार होतं.

आता हा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगायला हवेत. सिमेंट बनवताना धूर फार होतो. म्हणून त्यातलं निम्मं काढून टाकायचं, त्या जागी कारखान्यांनी टाकून दिलेलं काहीतरी घालायचं, आणि काँक्रीट तरीही पक्कं होतं का ते बघायचं, हा त्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचा उद्योग. तिच्या वाट्याला वीजघरातली कोळशाची राख आली होती, म्हणून सगळे तिला राखुंडी म्हणायचे. त्याच्या वाट्याला लोखंडाच्या भट्टीत वर तरंगणारी मळी, जिला सगळे स्लॅग म्हणतात ती. तो त्या भट्टीवरच नोकरीला होता, पाळी संपली की गावाबाहेरून इथं यायचा, म्हणून तो भट्टीवाला. ओल्या काँक्रीटचे ठोकळे पाडायचे, पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, मुदत भरली की यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचे. ठोकळा ज्या आकड्याला फुटतो, तो आकडा म्हणजे तुमची अब्रू.

राखुंडीची अब्रू त्या वर्षी पार वेशीला टांगलेली होती. तिचा एकही ठोकळा धड आकड्याला फुटत नव्हता. आणि मग केकच्या आदल्या दिवशी हा चमत्कार.

चमत्कार झाला तो असा. टाकीचा डावा कोपरा तिचा, उजवा भट्टीवाल्याचा, हे सगळ्यांना पाठ. पण सुट्टीत टाकी घासून धुतली, आणि धुणाऱ्यांनी ठोकळे परत ठेवताना डावं-उजवं कशाला बघावं? खडूच्या खुणा पाण्यानं आधीच पुसलेल्या. तिनं डाव्या कोपऱ्यातले ठोकळे उचलले. जरा जड वाटले. अंगावर पांढरट साय धरली होती, फार दिवस पाण्यात राहिलेल्यांवर धरते तशी. तिनं ती अंगठ्यानं पुसून टाकली.

"तुझेच ना गं हे?" मशीनवर बसणाऱ्या काकांनी विचारलं.

"माझेच, काका."

तुम्ही ओळखलंत. तिनं मात्र ओळखलं नाही — की ओळखायचंच नव्हतं, देव जाणे. काटा चढत गेला, चढतच गेला, काका खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि ठोकळा फुटला तेव्हा आवाज जिन्यापर्यंत गेला. आतून तो निळसर हिरवा होता. इतका सुरेख रंग तिनं काँक्रीटमध्ये कधी बघितला नव्हता. काकांनी सवयीनं झाडू घेतला, आणि तिनं त्यातला एक मुठीएवढा तुकडा आपल्या टेबलावर ठेवायला उचलला. सरांनी तर आकडा बघून चष्माच काढून ठेवला. "पुन्हा एकदा करून बघायला हवं," असं ते म्हणाले खरे. पण सिमेंटच्या कंपन्यांची मोठी सभा तोंडावर आली होती, आणि सरांनाही बरेच दिवसांत कुणी शाबास म्हटलं नव्हतं. "आधी सभेत सांगू. मग करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी उजव्या कोपऱ्यातले ठोकळे फोडले. भट्टीवाल्याची पाळी होती, म्हणून त्यानं फोनवरूनच सांगितलं होतं, मुदत भरली, फोडून टाका. तो पोचेपर्यंत तुकडे कचऱ्याच्या गाडीत गेले होते आणि त्याच्यासाठी उरला होता एक लाजिरवाणा आकडा. तो जिन्यात बसला. तिथं केक आला. आणि त्या बापड्यानं आपल्याच यशाचा केक दुसऱ्याच्या हातून खाल्ला.

तो येत राहिला. टेबल रिकामं करायचं होतं म्हणे. एका टेबलाला रिकामं व्हायला इतके दिवस लागलेले त्या प्रयोगशाळेनं कधी पाहिले नव्हते. रोज एक पुस्तक न्यायचा, रोज चहाच्या यंत्रापाशी थांबायचा. आणि हिलाही रोज नेमकी तेव्हाच तहान लागायची.

"तुम्ही रोज एकच पुस्तक नेता?"

"जड असतात हो."

"भट्टीवर काम करता ना तुम्ही?"

"म्हणूनच. दिवसभर दमलेला असतो." तो पेला तिच्या हातात देताना म्हणाला. "आणि राखुंडीबाई, हे 'तुम्ही' किती दिवस चालायचं? केक खाऊ घातलात, छत्री मोडलीत... आता काय राहिलंय?"

"छत्री दुरुस्त करून देईन."

"नको. मोडकीच बरी. पाऊस लागला की कुणाच्या तरी छत्रीत जावं लागतं."

ती लाजली, आणि संध्याकाळी खरोखरच तो तिच्या छत्रीतून बसथांब्यापर्यंत आला. दोघांचाही एकेक खांदा भिजला. कोरडे राहिलेले खांदे मात्र एकमेकांना लागत होते, आणि दोघंही रस्त्यावरच्या डबक्यांविषयी अतिशय गंभीरपणे बोलत होते.

थांब्यावर तो म्हणाला, "तुमची — तुझी सभा झाली की दुसऱ्या दिवशी मी निघणार."

"कुठं?"

"मेहुण्यांचं फरशांचं दुकान आहे, लांब. ताई केव्हाची मागं लागलीय. भट्टी सोडतो, हेही सोडतो. जे जमत नाही ते किती दिवस कवटाळायचं?"

"एका आकड्यावरून?"

"वर्षाच्या आकड्यावरून, राखुंडी." तो हसला, पण ओठांनीच. "पहिले आकडे लहान आले तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो, थांबा, स्लॅगला वेळ लागतो. भट्टीवरचे साहेब हसायचे. आता त्यांचं हसणं खरं झालं."

हा गेला तर आपल्याला आवडणार नाही, हे तिला तिथंच, बसथांब्यावर, बस येत असताना कळलं. अशा गोष्टी कळायला काही मुहूर्त लागत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी ती मुद्दामच म्हणाली, "मला सभेसाठी आलेख काढून दे ना. तुझा हात चांगला आहे." त्याला थांबवायचं एवढाच हेतू. तो तिच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला, आणि खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत असताना तो तिच्या यशाची रेघ काढायला लागला. सुरेख, वर वर जाणारी रेघ. मधेच थांबून त्यानं विचारलं, "तुला माहितीये, मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं?"

"कशाचं?"

"रंग बघायचा राहिला."

"कसला रंग?"

"स्लॅगचा ठोकळा फोडला ना, की आतून निळा-हिरवा असतो. म्हणजे राखाडीतला निळा नाही — चांगला पक्ष्याच्या अंड्यासारखा. पाण्यात बंद असतो तोवर टिकतो. एकदा का हवा लागली, की उडून जातो हळूहळू, मग नुसता दगड." तो रेघेवरून नजर न हलवता बोलत होता. "वर्षभर मनात होतं, पहिला तुकडा आपण बघायचा. नंतर... कुणाला तरी दाखवायचा. काकांना विचारलं, आतून कसे होते हो? तर म्हणाले, काँक्रीटसारखे."

तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

टेबलाच्या कडेला, कागदांवर वजन म्हणून, तो तुकडा होता. आता करडा. साधा दगड. त्याच्यापासून हातभर अंतरावर.

"तुझ्या चमत्काराचा एखादा तुकडा ठेवलायस का गं?" त्यानं सहज विचारलं. "बघू तरी, राखेनं काय जादू केली."

"नाही," ती म्हणाली. "सगळे... टाकले."

जीभ एवढी पटकन कशी वळली, तिचं तिलाच कळलं नाही. तो "अरेरे" म्हणाला आणि पुन्हा रेघ काढायला लागला. त्याच्याच ठोकळ्यांच्या आकड्याची रेघ, तिच्या नावानं, अगदी जीव ओतून. तिचे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ते उगाच नाही. पण धरणी अशा वेळी कधी उपयोगी पडत नाही, आणि प्रयोगशाळेची फरशी तर काँक्रीटची होती. तो पाणी प्यायला उठला, तेवढ्यात तिनं तुकडा उचलून पर्समध्ये घातला. चोरासारखा.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. ती स्वतःला समजवत राहिली, माझा भ्रम असेल, उजेडच तसा असेल. आणि आकडा? राखेलाही एखाद्या वेळी साधलं असेल! माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो ते अशा वेळी कळतं. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ती सरांच्या खोलीत लपली. त्याच्या पुढच्या दिवशी चहाच्या यंत्रापाशी भेटलाच.

"काही चुकलं का माझं?" त्यानं विचारलं.

म्हणजे बघा! चुकलं हिचं, आणि विचारतोय तो. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही रे... सभेची धाकधूक," ती म्हणाली.

"तू छान बोलशील. मी मागच्या रांगेत बसतो. अडलीस की माझ्याकडे बघ."

आणखी काय हवं?

घरी वेगळाच सोहळा. आईनं फोनवर आत्याला, मावशीला, शेजारणीला, सगळ्यांना सांगून झालं होतं. "आमच्या धाकटीनं राखेतून दगड काढला हो!" ताई, म्हणजे हिची मोठी बहीण, माहेरी आली होती. तिनं धाकटीचं तोंड बघितलं आणि आईला फोनवर सोडून तिला मागच्या ओट्यावर नेलं.

"काय झालंय? आणि 'काही नाही' म्हणालीस तर फटका खाशील."

हिनं पर्समधून तुकडा काढला. पायरीवर ठेवला. कोपऱ्यात पडलेली हातोडी घेतली आणि एक घाव घातला. कोपरा उडाला. आत निळं होतं. स्वच्छ, हिरवट निळं.

"अय्या, किती गोड रंग!" ताई म्हणाली.

आणि ही जी रडायला लागली! ताईला आधी काही कळेना, मग हुंदक्यांमधून एकेक कळत गेलं. ठोकळे, केक, छत्री, रेघ, "सगळे टाकले".

"एवढंच ना? मग सांगून टाक."

"सांगितलं तर तो माझं तोंड बघणार नाही."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर... सभा झाली की दुकानावर निघून जाईल."

"म्हणजे जाणार तो दोन्हीकडून." ताईनं पदरानं तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "मग निदान त्याचं आहे ते त्याला देऊन तरी पाठव. रिकाम्या हातानं कशाला?"

आतून आईचा आवाज येत होता. "हो ना, पहिल्यापासूनच हुशार!" हिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मग तो तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळला.

सभेच्या सकाळी ती आधी सरांकडे गेली. सर टाय बांधत होते. तिनं सगळं सांगितलं तेव्हा टाय अर्धवटच राहिला.

"कुणाकुणाला माहितीये हे?"

"तुम्हाला, मला आणि माझ्या ताईला."

"मग आजचा दिवस जाऊ दे," सर हळूच म्हणाले. "लोक आलेत. नंतर सावकाश... दुरुस्ती छापू." त्यांना स्वतःलाच ते ऐकवलं नाही बहुतेक. ते खिडकीकडे बघत राहिले.

ती बाहेर पडली, मशीनकाकांकडे गेली आणि म्हणाली, "काका, हातोडी द्या."

"सभेला?"

"सभेलाच."

सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत तो होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि ती व्यासपीठावर आली तेव्हा त्यानं अंगठा वर करून दाखवला. पडद्यावर त्यानं काढलेली रेघ उजळली. टाळ्या पडल्या. अडलीस की माझ्याकडे बघ, असं तो म्हणाला होता. आणि नेमकं त्याच्याकडेच बघायची तिची हिंमत नव्हती.

"हा आकडा..." तिनं फडक्यातला तुकडा चाचपला. "हा आकडा खरा आहे. पण माझा नाही."

खुर्च्या करकरल्या. तिनं फडकं सोडलं, तुकडा टेबलावर ठेवला आणि हातोडी उचलली. पहिला घाव चुकला, टेबलावरच बसला. सरांपुढचा पाण्याचा पेला आडवा झाला. कुणीतरी हसलं. दुसऱ्या घावाला दगड दुभंगला, आणि तिनं तो दोन्ही हातांनी वर धरला.

"राखेचं काँक्रीट आतून असं दिसत नाही. हे स्लॅगचं आहे. वर्षभर पाण्यात राहिलेलं. दुसऱ्याचे ठोकळे मी माझे म्हणून फोडले. काकांनी मला विचारलं होतं. जड लागले होते, साय दिसली होती, तरी मी 'माझेच' म्हटलं, कारण मला ते माझे हवे होते. ती पहिल्या दिवसाची चूक. पण मला कळल्यावरही मी गप्प राहिले. त्याला चूक म्हणत नाहीत. ज्यांचं हे काम आहे ते आपण हरलो असं समजून सगळं सोडून चाललेत. ते हरलेले नाहीत. हरलेले ठोकळे माझे होते. एवढंच."

आणि मग तिनं मागच्या रांगेकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

आयत्या बिळावर नागोबा, असं कुणीतरी दारातून जाताना पुटपुटलं. तिला ते लागलंही नाही. खरंच तर होतं. सर मात्र समोर आले, आडवा पेला सरळ केला आणि खाली बघत म्हणाले, "मीही सकाळी लाज आणली. जा तू. त्याला शोध आधी."

तो टाकीपाशी सापडला. काठावर बसला होता, एक हात पाण्यात, इस्त्रीची बाही कोपरापर्यंत भिजलेली. टाकीच्या नळातून थेंब थेंब पडत होता. ती दाराशीच थांबली.

"केव्हापासून?" त्यानं वर न बघता विचारलं.

"तू... रंगाचं सांगितलंस तेव्हापासून."

"मी रेघ काढत होतो."

"हो."

"तुकडा टेबलावर होता?"

"तुझ्या हाताशी." तिला खोटं सोडायचंच होतं, मग सगळंच सोडलं. "तू पाणी प्यायला गेलास तेव्हा मी लपवला."

"सगळे टाकले म्हणालीस."

"हो."

तो पाण्यात हात फिरवत राहिला. "ठोकळ्यांचं नाही गं," शेवटी म्हणाला. "ठोकळे कुणाचेही अदलाबदल होतात. पण तू माझ्याशी बोलेनाशी झालीस तेव्हा मला वाटलं, माझंच काही चुकलं. दोन रात्री मी तेच आठवत बसलो. छत्रीत जास्त जवळ आलो की काय..."

हे ऐकून तिला जे झालं ते सभागृहातही झालं नव्हतं. ती मटकन खाली, ओल्या फरशीवरच बसली. "नाही रे... जास्त नव्हतास आला," ती रडत म्हणाली. "उलट... कमीच."

पाण्यातला हात थांबला.

"मला तू आवडतोस," ती फरशीकडे बघत म्हणाली, "आणि म्हणूनच सांगता येईना. आता सांगून झालं. तू जा दुकानावर, नाहीतर भट्टीवर जा, कुठंही जा. पण जिंकलेला म्हणून जा. एवढंच मला द्यायचं होतं." तिनं मुठीतला तुकडा पुढं केला. "पहिला नाही. पहिला मी बघितला. पण हा आत्ताच फोडलाय, अजून निळा आहे."

त्यानं ओल्या हातानं तो घेतला. उजेडाकडे धरला. वर्षभर ज्याची वाट बघितली तो रंग तो बघत होता, आणि त्याच्या विरळ भुवया वर चढत चालल्या होत्या. राग त्याच्या चेहऱ्यावर होता, पण आनंद त्याला जागा देत नव्हता.

"कितीला फुटले म्हणालीस?"

तिनं पुन्हा आकडा सांगितला.

"पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितला. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "बँड लावीन म्हणालो होतो मी. आणि हा माझा आकडा होता! माझ्या ठोकळ्यांचा केक, आणि मला एकच तुकडा?"

"तो सगळ्यात मोठा होता," ती हुंदका देत म्हणाली.

"अजून रागावलोय मी. हे हसणं मोजू नकोस."

"नाही मोजत."

"बरेच दिवस रागावणार आहे. रोज चहा लागेल."

ती वर बघते तो त्यानं हात पुढं केला होता. भिजलेला, गार. तिनं तो धरला, आणि उठायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ धरून ठेवला.

मेहुण्यांच्या दुकानाला दुसरा माणूस मिळाला. आईनं आठवडाभर कुणाला फोन केला नाही, आणि ते तिला फार जड गेलं. मग एके दिवशी तिनंच विचारलं, "तो निळ्या दगडाचा मुलगा घरी कधी येणार?" राखुंडीला मात्र प्रयोगशाळेत मान वर करून चालायला वेळ लागला. लोक काही बोलायचे नाहीत, पण टाकीपाशी ती आली की आपापल्या ठोकळ्यांवर नजर ठेवायचे. ते तिनं सोसलं. सोसायलाच हवं होतं.

तिचे राखेचे ठोकळेही सगळेच वाया गेलेले नव्हते. टाकीत अजून काही न फोडलेले उरले होते, त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, "यांना अठ्ठावीस दिवसांत कशाला छळतेस? राहू दे पाण्यात. राख आळशी असते, पण नादान नसते." आणि मग दोघांनी मिळून नवं मिश्रण केलं, अर्धी तिची राख, अर्धा त्याचा स्लॅग. साचे भरले, आणि काँक्रीट ओलं असतानाच तिनं खिळा घेतला. आता खडू नको, ती म्हणाली. खोल खूण केली, पाण्यानं जाणार नाही अशी. त्यानं तिच्या हातातून खिळा घेऊन शेजारी आपली खूण केली, जरा वाकडी, तिच्या खुणेला लागून.

दुसऱ्या दिवशी साचे सोडून ते ठोकळे टाकीत ठेवायला आले. मशीनकाका वाटेत होते. त्यांना त्या सभेपासून एक सवयच लागली होती. कुणीही ठोकळा घेऊन निघालं की अडवायचे.

"थांब. तुझेच ना गं हे? नीट बघून सांग!"

ती थांबली. ठोकळा फिरवून खूण बघितली, अंगठ्यानं चाचपली. तिचे कान अजूनही त्या प्रश्नाला तापायचे. शेजारी तो दोन हातांत दोन ठोकळे धरून उभा होता, आणि ती काय म्हणते ते ऐकायला त्यानं श्वास रोखला होता.

"नाही, काका," ती म्हणाली. "आमचे."